कपाट फुगतं कुठून आणि पैसे जातात कुठे

पिंपळे सौदागरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन सेलमध्ये त्यांनी ४५ हजारांना तीन दारांचा वॉर्डरोब घेतला. आता त्याची तळाची फळी फुगली आहे, आरशाचं दार लोंबतंय, मधले कप्पे वाकलेत. आजेसासऱ्यांनी करून घेतलेलं सागवानी कपाट मात्र गावच्या घरात अजून ठणठणीत उभं आहे. तसंच नवं करायला सुताराने अडीच लाखांच्या पुढचा आकडा सांगितला. मग मधलं काही उरलंच नाही का, साध्या नोकरदाराने टिकाऊ फर्निचर घ्यायचं कसं, असं त्या विचारतात.

मी पुण्यात तीसेक वर्षं हेच काम करतोय, आधी कारागीर म्हणून आणि नंतर स्वतःच्या वर्कशॉपमध्ये. ताई, मधलं उरलंय. पण ते शोरूममध्ये समोर मांडलेलं नसतं, आपण मागणी करून बनवून घ्यावं लागतं. माझ्या डोळ्यांदेखत फर्निचरमधला पैसा आतून बाहेर आला. पूर्वी तो लाकडात, सांध्यात आणि पाठीच्या फळीत जायचा. आता तो दर्शनी सनमायका, आरसा, एलईडी पट्टी, शोरूमचं भाडं आणि 'साठ टक्के सूट' यांत जातो. जे दिसतं त्यावर खर्च, जे दिसत नाही तिथे काटछाट. म्हणून नवं कपाट दिसायला देखणं असतं, पण टिकण्याच्या बाबतीत जुन्याच्या पासंगालाही पुरत नाही.

आधी जुन्या कपाटाविषयी, कारण तुलना तिथूनच सुरू होते. आजेसासऱ्यांच्या काळात सगळ्यांकडे सागवानी कपाटं होती, असा समज करून घेऊ नका. बहुतेक घरांत भिंतीतलं फडताळ, दोन कोनाडे, खुंट्या, एखादी लोखंडी ट्रंक आणि कोपऱ्यात रचलेल्या वळकट्या, एवढाच संसार असे. कपाट व्हायचं ते लग्नात नाहीतर पेन्शनीच्या पैशातून, आयुष्यात एकदा. आंब्याच्या किंवा खोक्याच्या देवदाराच्या फळ्यांचं हलकं फर्निचर तेव्हाही होतं, ते कधीच बंबात गेलं. आपल्याला दिसतं ते उरलेलं, म्हणजे त्या काळातलं उत्तमातलं उत्तम. तुम्ही घरातल्या बारा वस्तूंपैकी एकीची तुलना त्या घरातल्या एकुलत्या एक वस्तूशी करताय.

तरीही ते लाकूड वेगळं होतं हे खरंच आहे. आपल्याकडे विदर्भातल्या बल्लारशाह आणि आलापल्लीच्या सागाचं नाव होतं आणि आजही आहे. अयोध्येच्या मंदिरासाठीही बल्लारशाहच्या डेपोतून साग गेला. पूर्ण वाढलेल्या झाडाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी आणि भुंगा त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला ते संरक्षण नसतं. जुना सुतार पांढरं लाकूड काढून टाकायचा आणि फळ्या चिरून, मध्ये पट्ट्या घालून, महिनोन् महिने सावलीत वाळवायचा. इंचाच्या जाडीला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब असे.

हे लाकूड महागलं त्याला कारणं आहेत. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला आणि मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या आराखड्याशिवाय, जंगलातली तोड थांबली. बिनपरवाना सॉ मिल बंद पडल्या. तो आदेश योग्यच होता, नाहीतर आज जंगलंच उरली नसती. बाजार मग बाहेरच्या लाकडाकडे वळला. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि बर्मा टीकचा, म्हणजे म्यानमारच्या सागाचा, मोठा आधार गेला. आता घाना, इक्वाडोर अशा देशांतून लागवडीचा साग येतो. ही झाडं बऱ्याचदा वीस-पंचवीस वर्षांत कापलेली असतात, त्यामुळे गाभा कमी आणि पांढरं लाकूड जास्त. नाव सागाचंच, गुण मात्र तितके नाहीत. म्हणून 'सागवान' शब्द ऐकून अडीच लाख मोजू नका. लाकूड आधी न रंगवलेलं, न पॉलिश केलेलं बघा. पांढरे पट्टे दिसले तर ती फळी बाजूला ठेवायला सांगा. चांगला मिस्त्री याचा राग मानत नाही.

गावचं कपाट विकायचा विचार कोणी करत असेल तर करू नका. भंगारवाला पाच-सात हजार सांगतो, पण एका मध्यम कपाटात सहा-आठ घनफूट जुना, मुरलेला साग निघतो. नुसत्या लाकडाचीच किंमत त्याच्या कितीतरी वर जाते.

आता तुमच्या वॉर्डरोबकडे येतो, कारण बिघाडाची सगळी लक्षणं तुम्ही नेमकी सांगितली आहेत.

माहितीपत्रकात 'इंजिनिअर्ड वूड' लिहिलेलं असेल. या शब्दाखाली प्लायवूडही येतं, एमडीएफ म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली पाटीही येते, पण त्या किमतीच्या तीन दारांत जवळपास नेहमी पार्टिकल बोर्ड असतो. लाकडाचा चुरा, त्यात युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद, आणि दाबून केलेली पाटी. दोन्ही बाजूंना छापील कागदाचा किंवा लॅमिनेटचा थर असतो, तिथून पाणी सहसा शिरत नाही. शिरतं ते कडेतून. समोरच्या कडांना पीव्हीसीची पट्टी चिकटवलेली असते. पण खालची कड, जी जमिनीवर टेकते आणि कोणालाच दिसत नाही, ती बऱ्याच मालात तशीच उघडी सोडलेली असते. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात. त्या फडक्याचं पाणी कपाटाच्या पायथ्याशी थोडं थोडं साचतं आणि उघडी कड ते ओढून घेते. चुरा फुगतो, कणाकणांतली गोंदाची पकड सुटते. नंतर बोर्ड वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही आणि ताकदही परत येत नाही. चार वर्षांत तळ फुगला यात तुमची काही चूक नाही. त्या घरात रोज फरशी पुसली जाणार, हे गृहीत धरूनच ते कपाट बनवायला हवं होतं.

दार लोंबायचं कारण आरसा. सात फूट उंच, दीड फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाडीचं पार्टिकल बोर्डाचं दार साधारण ११-१२ किलोचं होतं. त्यावर ४ मिलिमीटरचा पूर्ण उंचीचा आरसा लावला की आणखी नऊ-साडेनऊ किलो चढतात. एवढ्या उंच, जड दाराला चार, खरं तर पाच बिजागऱ्या हव्यात. मिळतात तीन. प्रत्येक बिजागरीचे दोन स्क्रू बाजूच्या पाटीत शिरतात आणि तिथे त्यांना धरायला लाकडाचा उभा-आडवा धागा नसतो, दाबलेला भुसा असतो. दार उघडताना दरवेळी वरच्या स्क्रूवर ओढ येते. आधी भोक सैल होतं, मग पिवळसर भुकटी पडते, मग दार खाली घासायला लागतं. प्लायमध्ये तोच स्क्रू थरांना पकडून बसतो, सागात तर विचारायलाच नको.

कप्पे वाकण्यामागे निव्वळ गणित आहे. आडव्या फळीवर सारखं वजन ठेवलं तर तिचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. तीन फुटांच्या फळीऐवजी मध्ये उभी पाटी देऊन दीड-दीड फुटांच्या दोन फळ्या केल्या, तर झोल सोळाव्या हिश्शावर येतो. जाडी १८ वरून २५ मिलिमीटर केली तर ताठपणा अडीच पटीहून जास्त वाढतो. म्हणजे एक उभी पाटी घातली की विषय संपतो. पण ती घातली तर आतून कपाट 'प्रशस्त' दिसत नाही आणि एक पाटी जास्त लागते, म्हणून टाळतात. पार्टिकल बोर्डात दोन फुटांपेक्षा लांब कप्पा घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाठीला ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड खिळ्यांनी ठोकलेला असतो. पाठ ही कपाटाची ओढ धरणारी बाजू आहे. ती लेचीपेची असली की फरशीतला थोडासा उतारही सगळ्या चौकटीला तिरपं करतो आणि दारं एकमेकांवर चढतात. खाच पाडून आत बसवलेली ६ मिलिमीटर प्लायची पाठ हा तिरपेपणा होऊच देत नाही.

आणि शेवटचा घाव बसतो तो घर बदलताना. पुण्यात भाड्याने राहणाऱ्यांचा करार ११ महिन्यांचा. दर एक-दोन वर्षांनी पॅकर्स-मूव्हर्स येतात, मिनीफिक्सचे, म्हणजे फिरवून आवळायच्या धातूच्या जोडणीचे, सांधे खोलतात, नव्या घरात पुन्हा आवळतात. पार्टिकल बोर्डातला सांधा पहिल्या वेळी घट्ट बसतो, दुसऱ्या वेळी कसाबसा, तिसऱ्या वेळी फिरतच राहतो.

इतकं सांगूनही मी पार्टिकल बोर्डाला फसवणूक म्हणणार नाही. भिंतीवर उंच लावलेलं टीव्ही युनिट, मुलांचं पुस्तकांचं छोटं शेल्फ, कोरड्या खोलीतलं न हलवायचं टेबल, अशा ठिकाणी तो वर्षानुवर्षं नीट काम करतो. जमिनीला टेकणारं, जड दारांचं कपाट हे त्याचं काम नव्हे. सिंकखाली आणि बाथरूमच्या भिंतीला लागून तर मुळीच नाही.

मग सुताराकडून प्लायमध्ये करून घ्यावं, असं सगळे म्हणतात. बरोबर आहे, पण इथेही डोळे उघडे हवेत. प्लायमध्ये साधारणपणे एमआर (दमटपणा सोसणारा), बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी काही वेळ सोसणारा) आणि मरीन म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) अशा प्रती चालतात. एमआरमध्ये युरियाचा गोंद असतो, हवेतला दमटपणा सोसेल एवढाच. मरीनमध्ये फिनॉलचा गोंद असतो आणि आयएस ७१० या मानकाप्रमाणे त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. कपाटाला बीडब्ल्यूआर पुरतो, पण तळाला आणि ओल्या भिंतीच्या बाजूला मरीनच वापरा. २०२५ पासून प्लायवूडवर आयएसआय मार्कची सक्ती लागू झाली, लहान कारखान्यांना थोडी जास्त मुदत देऊन. मार्कखाली परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कारखान्याचं नाव दिसतं. शीटवर ठसा 'मरीन' आणि ॲपवर भलतंच काही, असं निघालं तर माल परत पाठवा.

मला स्वतःला वजनावरून जास्त कळतं. आठ बाय चारची, १९ मिलिमीटर जाडीची कठीण लाकडाची चांगली शीट ३७-४० किलोची असते, दोन माणसांनी उचलावी लागते. त्याच मापाची पॉप्लर या हलक्या लाकडाची शीट तिसाच्या आसपास भरते. जाडी मोजायला व्हर्नियर, म्हणजे जाडी अचूक मोजायची पट्टी, मागवा, कारण १९ सांगून १७ची शीट देणारे भेटतात. एखादी शीट तुमच्यासमोर कापायला लावा आणि कापलेली कड बघा: थर सलग आहेत की मध्ये फटी आहेत? फटीत स्क्रू गेला की तो कशालाच धरत नाही.

कामाच्या मजुरीबद्दल लोक कुरकुर करतात, म्हणून हेही सांगतो. पूर्वी सुताराला रोजावर ठेवत, घरच्या अंगणात महिना-महिना काम चाले. कुसू, म्हणजे फळीचं घडवलेलं टोक, खाचेत बसवून, पाचर मारून सांधा आवळायला वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे मिळत. आज जवळपास सगळं काम चौरस फुटावर ठरतं. दर घासून घासून खाली आणलेला असतो, मग कारागीर गनने पिना मारतो, फेव्हिकॉल लावतो आणि पुढच्या साइटवर जातो. माझ्याकडे काम करणारी उत्तर प्रदेश-राजस्थानची मुलं हाताने अतिशय सुबक आहेत. त्यांना सांधा करता येत नाही असं नाही, सांध्याचे पैसे कोणी देत नाही. मजुरीत चौरस फुटाला पन्नास-साठ रुपये जास्त द्या आणि बदल्यात स्क्रू, खाचेतली पाठ आणि खालच्या कडांना पट्टी मागा. माझ्या मते घरातला तो सगळ्यात सत्कारणी लागलेला पैसा असतो.

आता आकडे. सहा फूट रुंद, सात फूट उंच तीन दारांच्या कपाटाला १९ मिलिमीटरच्या साधारण सहा शीट लागतात, म्हणजे १९२ चौरस फूट. आमच्याकडे साधा एमआर चौरस फुटाला ५५-६० रुपयांच्या आसपास मिळतो आणि बरा मरीन शंभरच्या आसपास. ब्रँडप्रमाणे मागेपुढे होतं. फरक चाळीस-पंचेचाळीस रुपयांचा धरला तर सगळ्या कपाटामागे आठ-साडेआठ हजार. असं कपाट सुताराकडून करून घेतलं तर बिल सत्तर-नव्वद हजारांचं होतं. त्यात वाईट आणि चांगल्या मालातला फरक एवढाच आहे, ताई. त्याच बिलात आरसा, ॲल्युमिनियम प्रोफाइल, आतले दिवे, चकचकीत ॲक्रिलिकची दारं आणि माळ्यापर्यंतचा वरचा कप्पा यांवर वीस-पंचवीस हजार सहज गेलेले असतात. लोक त्यावर खुशीने खर्च करतात आणि शीटच्या भावावर तासभर घासाघीस करतात. हे दरवेळी बघून मला मनापासून वाईट वाटतं.

तुमचे तेच ४५ हजार हातात धरून विचार करू. तीन दारांऐवजी दोन दारांचं घ्या, चार फूट रुंद, सात फूट उंच. चार शीट मरीन प्लाय, साधारण १३ हजार. खाचेत बसणारी ६ मिलिमीटरची पाठ, दीड हजार. बाहेरून साधा १ मिलिमीटरचा मॅट लॅमिनेट, आतून पांढरा पातळ, मिळून सहा-सात हजार. दाराला चार-चार बिजागऱ्या, दोन ड्रॉवरचे चॅनेल, कुलूप, हँडल, गोंद, कडेच्या पट्ट्या, पाचेक हजार. मजुरी आणि वाहतूक १३-१४ हजार. आकडा चाळिसाच्या आसपास थांबतो. या कपाटात आरसा नाही. आरसा भिंतीवर लावा, स्वस्तही पडतो. प्लाय जमिनीला टेकू देऊ नका, दोन-तीन इंचाचे पीव्हीसीचे पाय किंवा खाली ग्रॅनाइटची पट्टी घ्या. तिसऱ्या दारातले कपडे कुठे ठेवायचे, हा प्रश्न राहतोच, आणि त्याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण एकाच वर्षात सगळं घर भरायचा हट्ट सोडला तर दोन वर्षांनी दुसरं तसंच कपाट होतं. माझी कितीतरी गिऱ्हाइकं असंच करतात, ईएमआयशिवाय.

भाड्याच्या घरात राहत असाल आणि हलणं चुकत नसेल तर लोखंडी कपाटच घ्या. नव्या पिढीला ते जुनाट वाटतं, मला वाटत नाही. फक्त पत्र्याचा गेज विचारा. २० गेज म्हणजे जवळपास ०.९ मिलिमीटर, २२ म्हणजे ०.७, आणि स्वस्त मालात येतो तो २४, जेमतेम ०.५५. दाराच्या मधोमध अंगठ्याने दाबा, डबडब वाजून आत गेला तर पुढचं दुकान बघा.

सध्याचा वॉर्डरोबही टाकून देऊ नका. पायथा कापून काढून त्याखाली प्लायची चौकट आणि पाय बसवता येतात. बिजागरीचं सैल भोक मोठं करून त्यात सागाची खुंटी फेव्हिकॉलने बसवा, दिवसभर वाळू द्या, मग नव्याने स्क्रू घ्या. किंवा बिजागरी दोन इंच वर सरकवा. आरसा उतरवा आणि चौथी बिजागरी जोडा. वाकलेल्या कप्प्याला मध्ये उभी पाटी द्या. मिस्त्रीचं एक-दीड दिवसाचं काम आहे आणि त्यात तीन-चार वर्षं सहज निघतील. कपाट भिंतीपासून इंचभर पुढे ठेवा, पावसाळ्यात मागे हवा खेळू द्या.

राहिलं बिल. पक्कं बिल घेतलं की १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून लोक कच्च्या पावतीवर काम करून घेतात आणि मग हातात काहीच राहत नाही. बिलावर नुसतं 'वॉर्डरोब १ नग' नको. मालाची प्रत, आयएस क्रमांक, जाडी, पाठीची जाडी, बिजागऱ्यांची संख्या आणि किती वर्षांची हमी, हे सगळं लिहून घ्या. ऑनलाइन घेतलं असेल तर वस्तूच्या माहितीच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा, नंतर ते पान बदलतं. लिहिल्याप्रमाणे माल निघाला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. त्यामुळे कड फुगायला लागलेली दिसली की पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात फोटो काढून विक्रेत्याला ईमेल करा.